सावलीचे पैसे

गेल्या वर्षी दिवाळीच्या पंधरा दिवस आधी मी मोबाईलवर उद्यम नोंदणीचा फॉर्म भरत बसले होते. लहान धंद्यांची सरकारदरबारी नोंद करायची ही सोय जुलै २०२० पासून आहे. पैसे लागत नाहीत. आधार नंबर, त्याला जोडलेला मोबाईल आणि पॅन असलं की घरबसल्या काम होतं. माझा धंदा म्हणजे रेशमी धाग्याच्या बांगड्या आणि झुमके. पत्ता मस्तगड, जालना. नाव, बँक खातं, धंदा कधी सुरू केला, सगळं पटापट भरत गेले. मग एक प्रश्न आला : कामावर किती माणसं आहेत? पुरुष, स्त्रिया, इतर असे तीन रकाने.

मी पुरुष ०, स्त्रिया १, इतर ० असं लिहिलं. ती एक स्त्री म्हणजे मी.

लिहिलं आणि वर पाहिलं. समोर भिंतीला टेकून शेजारच्या मावशी बसल्या होत्या. मांडीवर स्टीलचं ताट, ताटात बांगड्या, एका हातात बांगडी आणि दुसऱ्या हातात राणी रंगाच्या धाग्याचे पदर. बांगडी फिरत होती, धागा बसत होता. सात महिने त्या जवळजवळ रोज दुपारी अशाच बसत होत्या. मी विकलेल्या बहुतेक बांगड्यांवरचा धागा त्यांनी गुंडाळलेला होता. आणि मी आत्ताच सरकारी फॉर्ममध्ये लिहिलं होतं की इथं एकच बाई काम करते.

फॉर्म अर्धवट ठेवून मी फोन पालथा घातला. हा लेख त्या एका रकान्याबद्दल आहे.

*

जालन्यात जुन्या माणसांच्या तोंडी एक म्हण अजून आहे, 'जालना सोने का पालना'. कुंडलिका नदीच्या दोन्ही काठांवर पसरलेल्या या व्यापारी गावाच्या भरभराटीचं ते कौतुक. आज शहराची ओळख सांगायची तर सळयांचे कारखाने आणि बियाणं. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिको इथंच सुरू केली. मी राहते तो मस्तगड भाग ज्या गढीमुळे ओळखला जातो, ती निजाम-उल-मुल्क आसफजाहच्या काळातली, १७२५ सालची. थोडक्यात, सोन्याच्या पाळण्याच्या गावात, तीनशे वर्षं जुन्या गढीच्या आसऱ्याने मी खोटे दागिने बनवते. आमच्याकडे इमिटेशनला खोटे दागिनेच म्हणतात. त्यात कमीपणा कुणी मानत नाही. लग्नसराईत अर्ध्या वऱ्हाडाच्या अंगावर तेच असतात.

२०२० च्या टाळेबंदीत मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होते. कॉलेज बंद, घरात सहा माणसं आणि फोनवर दिवसाचा दीड जीबी. एका व्हिडिओत एक बाई साध्या प्लॅस्टिकच्या बांगडीवर धागा गुंडाळत होती. धाग्याचे आठ-दहा पदर एकत्र घ्यायचे, टोक आतून गोंदाने चिकटवायचं आणि मग बांगडी फिरवत जायचं. पदर एकमेकांवर चढता कामा नयेत, दोन वेढ्यांत फट दिसता कामा नये. वरून खड्यांची साखळी किंवा कुंदन. बस, एवढंच.

पहिल्या बांगडीला मला अख्खी दुपार लागली. धागा तीनदा उसवला. पण ती दुपार कुठे गेली ते कळलं नाही. आई दोनदा चहाला हाक मारून गेली, ते मला नंतर तिनेच सांगितलं. आपल्यापैकी बऱ्याच जणांना हे माहीत असेल. कुणी चित्र काढताना, कुणी गिटार वाजवताना, कुणी नुसतं कणीक मळताना असं हरवतं. त्या वेळाचा हिशेब ठेवावासा वाटत नाही. हिशेब ठेवला की तो वेळ आपला राहत नाही, असंही वाटतं.

मी बांगड्या वाटत सुटले. बहिणीला, मामीला, वर्गातल्या मुलींना. कुणी विचारलं, 'किती वेळ लागला गं?' की मी म्हणायचे, 'काही नाही, बसल्या बसल्या केलं.' हे उत्तर मी नम्रपणे देत होते. पुढे तेच माझ्या धंद्याचा पाया ठरलं.

*

मग एक दिवस आत्येबहिणीच्या मैत्रिणीने विचारलं, 'कितीला देशील?'

हा प्रश्न ऐकून मला लाज वाटली. जेवायला बोलावलेल्या पाहुण्याने ताटाचे किती झाले विचारावं, तसं. सामानाला साठ रुपये लागले होते. मी म्हटलं, शंभर दे. ती म्हणाली, 'एवढंच? अगं, तुझ्या मेहनतीचे?' मी म्हटलं, 'हौसेचं काम आहे, मेहनतीचे कसले पैसे?'

तेव्हा हे बोलताना मी स्वतःला दिलदार समजत होते. आज त्या वाक्यात मला दोन गोष्टी दिसतात. एक, मी माझ्या वेळेची किंमत शून्य ठरवली होती. दोन, ती शून्य ठेवणं मला परवडत होतं. बाबांची नोकरी होती. मी बांगड्या विकल्या नाहीत म्हणून आमच्या घरातली चूल थांबणार नव्हती. ज्या बाईची चूल याच कामावर पेटते, ती 'हौसेचं काम आहे' म्हणू शकत नाही. आणि माझ्या शंभर रुपयांच्या बांगड्यांशेजारी तिच्या अडीचशेच्या बांगड्या महाग दिसणार. हौशी माणसाचं औदार्य कधी कधी दुसऱ्याच्या पोटावर येतं, हे तेव्हा डोक्यातही आलं नव्हतं.

ऑर्डरी वाढल्या. राखीला, गौरींना, लग्नांना. मी इन्स्टावर पान काढलं. किंमत शंभरवरून दीडशे, मग सहा बांगड्यांच्या संचाला दोनशे वीस झाली. पानावर दोन शब्द मी ठळक लिहिले होते : रेशमी आणि हाताने बनवलेलं.

पहिल्या शब्दावर मला लवकरच एकीने पकडलं. तिने मेसेज केला, 'ताई, खरं रेशीम आहे का?' प्रश्न साधा होता, पण जालन्यात बसून त्याला उत्तर देणं अवघड होतं. २०१८ पासून इथल्या बाजार समितीत रेशीम कोषांची बाजारपेठ आहे. आजूबाजूच्या जिल्ह्यांतले शेतकरी तुतीवर वाढवलेल्या अळ्यांचे कोष पोत्यांत भरून इथं आणतात. एका कोषातून साधारण किलोमीटरभर अखंड धागा निघतो. आणि त्याच गावात मी जो धागा 'सिल्क थ्रेड' म्हणून विकत आणत होते, तो होता आर्ट सिल्क, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून कारखान्यात बनलेला. मी तिला खरं ते कळवलं आणि पानावरचा शब्द बदलून 'आर्ट सिल्क' केला. एकही गिऱ्हाईक तुटलं नाही. प्रामाणिक राहायला काही पडत नाही, असा माझा समज झाला. दुसऱ्या शब्दाने तो मोडला.

*

मावशी आमच्या शेजारी भाड्याने राहतात. त्यांचं गाव बदनापूरकडचं. यजमान रोलिंग मिलमध्ये, दोन मुलं शाळेत. जालन्यात येण्याआधी त्या शेतात निंदणीला, कापूस वेचणीला जायच्या. एका दुपारी विरजण मागायला आल्या आणि माझ्याजवळ टेकल्या. 'काय करू लागलीस गं? दे बरं इकडं.' पहिली बांगडी जरा सैल झाली. तिसरी माझ्यापेक्षा सफाईदार. आठवड्याभरात मी त्यांना म्हटलं, 'मावशी, धागा गुंडाळून द्याल का? एका संचाला वीस रुपये देईन.' त्या लगेच हो म्हणाल्या. मला वाटलं, बरं झालं, त्यांनाही चार पैसे आणि मलाही मदत.

वीस हा आकडा कुठून आला? मी खूप आठवून पाहिलं. कुठूनच नाही. माझ्या मनात त्या कामाची किंमत शून्य होती, कारण मी ते वर्षानुवर्षं फुकट केलं होतं. शून्याच्या मानाने वीस म्हणजे पुष्कळच.

माझी रील सगळ्यांत जास्त चालली ती बांगडी गुंडाळतानाची. मेंदीचे हात, मागे पावसाचं गाणं, खाली ओळ : प्रत्येक बांगडी मी स्वतःच्या हातांनी बनवते. रील काढली त्या दिवशी ती बांगडी खरंच मी गुंडाळली होती. म्हणजे व्हिडिओ खोटा नव्हता. त्यानंतर मावशींनी शेकडो बांगड्या गुंडाळल्या आणि रील चालूच राहिली. खोटं बोलायला दर वेळी तोंड उघडावं लागत नाही. एकदा खरं बोललेलं वाक्य जुनं होऊ दिलं तरी भागतं.

फॉर्म अर्धवट ठेवला त्या रात्री मी पहिल्यांदा हिशेब मांडला. दुसऱ्या दिवशी मावशींना न सांगता फोनवर टायमर लावला. सहा बांगड्यांच्या संचाला त्यांना १ तास ५० मिनिटं लागली. म्हणजे आठ तास बसल्या तर जेमतेम साडेचार संच आणि ८७ रुपये. संच विकला जायचा २२० ला. सामान ६०, खोका आणि चिकटपट्टी १५, मावशी २०. उरलेले १२५ माझे. खडे लावणं, फोटो, गिऱ्हाइकांशी बोलणं, कुरिअर धरून मला संचामागे दीड तास जायचा.

मला तासाला ऐंशीच्या वर. मावशींना अकरा.

नरहरी सोनारांची गोष्ट आपल्या सगळ्यांना शाळेपासून माहीत असते. पंढरपुरात राहून ते विठ्ठलाचं तोंड पाहत नव्हते, कारण ते शिवभक्त. कुणी विठ्ठलासाठी कमरेची साखळी करायला सांगितली. दिलेल्या मापाने केली, ती बसेना. कधी आखूड, कधी लांब. शेवटी डोळ्यांवर पट्टी बांधून ते स्वतः माप घ्यायला गेले. गोष्ट भक्तीची आहे आणि तिचा शेवट शिव आणि विठ्ठल एकच, असा होतो. पण दागिने करायला लागल्यापासून मला त्यातली पट्टी जास्त आठवते. माप चुकत होतं, कारण ज्याचं माप घ्यायचं त्याच्याकडे बघायचंच नव्हतं. माझ्याकडेही सात महिने फोन होता, फोनमध्ये टायमर होता.

*

मी स्वतःची बाजू मांडून पाहिली नाही, असं नाही. तीन मुद्दे सुचले.

पहिला : मावशी स्वतःहून हो म्हणाल्या. जबरदस्ती कुठे होती? हे खरंच आहे. पण हो म्हणणाऱ्या माणसापुढे दुसरं काय होतं, हेही बघावं लागतं. मी एकदा सहज विचारलं होतं, 'शेतात परवडायचं की हे?' त्या म्हणाल्या, 'निंदणीला दिवसाचे तीनशे मिळतात, पण ऊन डोक्यावर. इथं सावली हाय, पोरं शाळंतून आली की दिसत्यात, भाजी शिजतीय का बघता येतं.' तेव्हा मला ते ऐकून बरं वाटलं होतं. हिशेबानंतर त्याचा अर्थ कळला. उन्हातले तीनशे आणि सावलीतले ८७. मी मावशींकडून सावलीचे २१३ रुपये रोज कापून घेत होते. आणि ती सावलीही माझी नव्हती. बहुतेक दिवस त्या स्वतःच्याच घरात बसून गुंडाळायच्या.

घरी बसून केलेलं काम स्वस्त का असतं, याचं उत्तर बहुधा इथंच आहे. जागेचं भाडं, वीज, पंखा, चहा, सगळं काम करणारीचं. त्यात ती भाजी ढवळायला उठते म्हणून ते पूर्ण काम मानलं जात नाही. मालाडमध्ये इमिटेशन दागिन्यांचा मोठा धंदा आहे. तिथल्या वस्त्यांत बायका घरी बसून मणी ओवतात, खडे चिकटवतात आणि नगावर पैसे घेतात. फिरोजाबादच्या काचेच्या बांगड्यांची टोकंही घराघरांत जोडली जातात. सोलापूरच्या विड्या घरीच वळल्या जातात. अशा घरी काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ मध्ये एक करार केला. घरून काम करणाऱ्यालाही इतर कामगारांसारखीच वागणूक मिळावी, असं तो सांगतो. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही. मी हे वाचलं तेव्हा आधी सरकारचा राग आला. मग आठवलं की मस्तगडातल्या एका खोलीपुरता तो करार मी आजच पाळू शकते, मला कुणी अडवलेलं नाही.

दुसरा मुद्दा : दागिना कधीच एका हाताने होत नाही. हुपरीत चांदीचे पैंजण घराघरांत बनतात आणि एका जोडाला कितीतरी हात लागतात. कुणी तार ओढतो, कुणी डाग देतो, कुणी घुंगरू लावतं. मग माझ्या बांगडीला चार हात लागले तर बिघडलं कुठे? काहीच नाही. फक्त हुपरीतला कुणी 'हे सगळं मीच केलं' अशी रील टाकत नाही. मदत घेण्यात चूक नव्हती. चूक दोन ठिकाणी होती : मदतनीस लपवण्यात आणि तिला लपवलेल्या माणसाइतकेच पैसे देण्यात. या दोन्ही चुका जोडीनेच येतात, असं आता वाटतं. जिचं नाव घ्यायचं नसतं, तिचा भावही विचारला जात नाही.

तिसरा मुद्दा सगळ्यांत कठीण : मावशींचे पैसे वाढवले तर बांगडी महाग होईल. महाग झाली तर खपणार नाही. खपली नाही तर मावशींना वीससुद्धा मिळणार नाहीत. धंदा करणारा प्रत्येक जण हे म्हणतो आणि यात थोडं तरी तथ्य असतं.

याच प्रश्नावर नव्वद वर्षांपूर्वी मोठा खल झाला होता, आणि तोही धाग्यावरून. १९३५ मध्ये गांधीजी वर्ध्यात होते. अखिल भारतीय चरखा संघ खेड्यापाड्यांतल्या बायकांकडून सूत कातून घेत होता आणि त्यांना दिवसभराच्या कामाचा मोबदला अगदी थोडा मिळत होता. खादी आधीच मिलच्या कापडापेक्षा महाग, त्यामुळे मजुरी कमी ठेवण्याकडे कल. गांधीजींनी आग्रह धरला की कातणारीला आठ तासांच्या नीट कामाचे आठ आणे मिळायला हवेत. सहकाऱ्यांना खप बुडायची भीती होती. अखेर किमान तीन आण्यांवर तडजोड झाली. खादीचा भाव वाढला तरी चालेल, कातणारीच्या पोटाला चिमटा काढून ती स्वस्त ठेवायची नाही, असं ठरलं.

मला यातले आठ आणे जितके महत्त्वाचे वाटतात, तितकेच तीन आणेही. जे योग्य आहे ते पूर्ण जमलं नाही, म्हणून काहीच करायचं नाही असं त्यांनी केलं नाही. आणि तीन आणे दिले म्हणून आठ आणे विसरलेही नाहीत. यात आणखी एक गोष्ट होती. खादी घेणाऱ्याला सांगितलं गेलं की वाढलेले पैसे कुठे जातात. किंमत ही नुसती खपाची युक्ती राहिली नाही. ती कातणारी आणि नेसणारी यांच्यातली एक गोष्ट झाली.

*

मग मी काय केलं ते सांगते. फार मोठं काही नाही.

मावशींना वहीतला हिशेब दाखवला. हे करताना माझे कान गरम झाले होते. माझे १२५ त्यांना पहिल्यांदाच कळत होते. त्यांनी आकड्यांवरून बोट फिरवलं आणि थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, 'मला वाटलंच होतं, वीस कमी हायेत. पण तू पोरीवाणी. तुला कसं म्हणावं?'

त्यांच्या या वाक्याचा मला राग, कीव, शरम असं सगळं एकदम वाटलं. मी पहिल्या गिऱ्हाइकाला पैसे सांगताना लाजले होते आणि मावशी माझ्याकडे पैसे मागताना. दोन्ही वेळा नात्याच्या भिडेने आकडा खाली आला. फरक एवढाच की माझ्या लाजेची किंमत बाबांच्या पगाराने भरून निघाली. मावशींच्या लाजेची किंमत मावशींनीच भरली. आपल्याकडे घरोब्यात पैशांचं बोलणं वाईट दिसतं म्हणतात. मला आता वाटतं, घरोबा असेल तर पैशांचं बोलणं आधी व्हावं. नाहीतर ज्याची गरज जास्त, तोच गप्प बसतो.

आम्ही ठरवलं की संचाला ७० रुपये. आठ तासांचे ३०५ होतात, म्हणजे निंदणीइतके. सावलीची कपात बंद. बांगड्यांचा भाव २२० वरून २७० केला, वाढलेले पन्नासच्या पन्नास मावशींचे. माझे १२५ तसेच राहिले. ते का तसेच राहिले, असं तुम्ही विचारू शकता. मीही विचारते. न खपलेला माल माझ्या अंगावर पडतो, फोन माझा, पळापळ माझी, अशी उत्तरं माझ्याकडे आहेत. ती पुरेशी आहेत की नाही, ते अजून ठरलेलं नाही. हे आमचे तीन आणे समजा.

पानावर लिहिलं : धागा आमच्या मावशी गुंडाळतात, खडे मी लावते, भाव पन्नास रुपयांनी वाढला आहे आणि ते त्यांचे आहेत. ती रील काढून टाकली. नवीन रीलमध्ये त्यांचे हात आहेत. सुईने भोसकलेलं बोट, हातातल्या हिरव्या बांगड्या. चेहरा नको म्हणाल्या, म्हणून चेहरा नाही.

गोष्टीचा शेवट गोड करायचा तर मी म्हणायला हवं की ऑर्डरी दुप्पट झाल्या. तसं झालं नाही. पुढच्या दोन महिन्यांत ऑर्डरी साधारण एक चतुर्थांश घटल्या. एका जुन्या गिऱ्हाइकाने लिहिलं, 'ताई, आता तुमच्यात आणि दुकानात फरक काय?' तिला स्वस्त हवं होतं, यात तिची चूक नाही. स्वस्ताची सवय तिला मीच लावली होती. पण मावशींच्या हातात महिन्याला आधीपेक्षा जास्त पैसे गेले, कमी बांगड्या गुंडाळून. उरलेल्या दुपारी त्या झोपल्या, असं त्यांनीच सांगितलं. कित्येक वर्षांनी दुपारी झोपले म्हणाल्या.

आता पुढचं म्हणजे, त्यांना भागीदार करावं का? १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्यातून लिज्जत उभं राहिलं. तिथं पापड घरीच लाटले जातात, पण लाटणारी बाई संस्थेची सभासद असते, नफ्यात तिचा वाटा असतो. म्हणजे घरातलं काम आणि स्वस्त काम हे एकच असलं पाहिजे, असं काही नाही. फरक मालकीने पडतो. मी मावशींना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, 'आधी दिवाळीचा माल तर जाऊ दे.' बरोबरच होतं.

*

राहिला तो फॉर्म.

मी मावशींना म्हटलं, 'यात तुमचं नाव घालते. आपण दोघी आहोत, तर दोघी दिसू दे.' त्या एकदम सावरून बसल्या. 'नाव नको बाई. कागदावर नाव आलं की लाडक्या बहिणीचे पंधराशे बंद व्हायचे.' मी समजावलं की योजनेची अट कुटुंबाच्या वर्षाच्या अडीच लाख उत्पन्नाची आहे, बांगड्यांच्या पैशांनी काही होत नाही. त्यांना ते पटलं नाही. त्यांचा कागदांचा अनुभव माझ्यापेक्षा मोठा आहे आणि चांगला नाही.

इथं मी अडखळले. इतके दिवस मला वाटत होतं, न्याय म्हणजे त्यांना लपवणं थांबवणं. आता त्यांनाच दिसायचं नव्हतं. मी माझं मन हलकं व्हावं म्हणून त्यांना उजेडात ओढायचं, हाही एक प्रकारचा वापरच झाला असता. त्यांचे पैसे किती, हे ठरवताना मी त्यांना विचारलं नव्हतं. त्यांचं नाव कुठे लिहायचं, हे तरी विचारून ठरवायला हवं होतं.

मग मी फॉर्म पुन्हा नीट वाचला आणि लक्षात आलं की तो नाव विचारतच नाही. कामावर किती माणसं, एवढंच विचारतो. नुसता आकडा. मी मावशींना स्क्रीन दाखवली. त्यांनी चष्मा लावून तो रकाना बघितला. तिथं अजून १ होता.

'नाव नाही ना?'

'नाही. फक्त किती जणी ते.'

'मग लिही की खरं काय ते. आकड्याला कोण ओळखतंय?'

मी १ पुसून २ लिहिले. मावशींनी धाग्याचे पदर पुन्हा जुळवले आणि विचारलं, हिरवा संपत आलाय, आणणार कधी?